पॉवर सिरीज कुठपर्यंत कन्व्हर्ज होते? आधी वर्तुळ काढा, मग टेस्ट लावा

नाशिकमध्ये कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या कुठल्याही अभ्यासिकेत टीवायबीएस्सीच्या मुलासमोर पॉवर सिरीजचं, म्हणजे एका चलाच्या चढत्या घातांच्या अनंत बेरजेचं, उदाहरण ठेवा. सिरीज कुठे कन्व्हर्ज होते, म्हणजे तिची बेरीज कुठे एका ठरावीक संख्येकडे स्थिरावते, हे शोधायला त्याचा हात थेट रेशो टेस्टकडे, म्हणजे लागोपाठच्या पदांच्या गुणोत्तराकडे, जातो. बऱ्याचदा उत्तर बरोबरही येतं. पण सहगुणकांत अधूनमधून शून्य आलं, केंद्र शून्याऐवजी १ − आय दिलं, किंवा 'परिघावर काय होतं' असं विचारलं, की तोच मुलगा थांबतो. सेट आणि नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या पेपरात नेमकं हेच विचारतात. रेशो टेस्ट पाठ असते, पण सिरीज वर्तुळाच्या आतच का कन्व्हर्ज होते, चौकोनात किंवा पट्ट्यात का नाही, हे कधी स्वतःच्या हातानं करून पाहिलेलं नसतं.

या संपूर्ण प्रकरणात मनापासून ओळखावी अशी सिरीज एकच आहे, ती म्हणजे जिओमेट्रिक सिरीज १ + झ + झ^२ + झ^३ + … बाकीच्या सगळ्या टेस्ट म्हणजे तिच्याशी केलेली तुलना. ती हातात बसली की अर्धा अभ्यासक्रम आपोआप उलगडतो, असं मी ठामपणे म्हणतो. म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करू.

लिहिण्याची पद्धत अशी: संमिश्र संख्येला झ, तिचा वास्तव भाग क्ष, काल्पनिक भाग य. वजा एकच्या वर्गमुळाला आय. पदाचा क्रमांक न, सहगुणक अ(न), त्रिज्या र, आणि ^ या खुणेनंतरचा आकडा म्हणजे घात. |झ| म्हणजे झ चं शून्यापासूनचं अंतर, त्यालाच मोड्युलस म्हणतात.

पायरी पहिली: आलेखाचा कागद घ्या

हे वाचून सोडू नका, खरंच काढा. ए-फोर आकाराचा आलेखाचा कागद, पट्टी, कंपास आणि दोन रंगांच्या पेन्सिली पुरे. प्रमाण घ्या १ म्हणजे ८ सेंटिमीटर. आणि झ = (१ + आय)/२.

आधी घात काढू. झ^२ = आय/२. झ^३ = −०.२५ + ०.२५ आय. झ^४ = −०.२५. झ^५ = −०.१२५ − ०.१२५ आय. झ^६ = −०.१२५ आय. झ^७ = ०.०६२५ − ०.०६२५ आय. प्रत्येक गुणाकाराला बिंदू ४५ अंशांनी वळतो आणि शून्यापासूनचं अंतर १/√२ पट होतं. म्हणजे घातांचा सिक्वेन्स गोल फिरत शून्याकडे जातो.

आता त्याच कागदावर, वेगळ्या रंगानं, बेरजा मांडा. पहिली बेरीज १. दुसरी १.५ + ०.५ आय. तिसरी १.५ + आय. चौथी १.२५ + १.२५ आय. पाचवी १ + १.२५ आय. सहावी ०.८७५ + १.१२५ आय. सातवी ०.८७५ + आय. आठवी ०.९३७५ + ०.९३७५ आय. ८ सेंटिमीटरचं प्रमाण घेतल्याचा फायदा इथे दिसतो: ०.१२५ म्हणजे बरोबर १ सेंटिमीटर आणि ०.०६२५ म्हणजे ५ मिलिमीटर, त्यामुळे प्रत्येक बिंदू कागदाच्या रेषेवरच येतो. बिंदू जोडत गेलात की आत आत वळत जाणारी वाट दिसेल. ती १ + आय या बिंदूभोवती आवळत जाते. सूत्रानं पडताळा: १/(१ − झ) = २/(१ − आय) = १ + आय. जुळलं.

आता १ + आय केंद्र धरून कंपासनं १ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. सातवी बेरीज बरोबर परिघावर आहे. आठवीपासून पुढच्या सगळ्या आत आहेत, एकही पुन्हा बाहेर येत नाही. वर्तुळ अर्ध्या सेंटिमीटरचं केलं तर आठव्याऐवजी दहाव्या बेरजेपासून आत. तुम्ही वर्तुळ कितीही लहान करा, मी एक क्रमांक सांगणार आणि त्यानंतरच्या सगळ्या बेरजा आत असणार. लिमिटची एप्सिलॉनवाली व्याख्या म्हणजे हेच, तुमचं एप्सिलॉन कंपासमध्ये धरलेलं आहे. वास्तव संख्यांत तो एक अंतराल होता, इथे वर्तुळ झालं, इतकाच फरक.

पायरी दुसरी: सिक्वेन्स तपासताना फसायच्या जागा

झ(न) = क्ष(न) + आय·य(न) हा सिक्वेन्स कन्व्हर्ज होतो की नाही, हे पाहायचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे दोन्ही भाग वेगळे करणं. दोन्ही कन्व्हर्ज झाले तर झ(न) कन्व्हर्ज, एक जरी बिघडला तरी नाही. कारण |क्ष| आणि |य| दोन्ही |झ| पेक्षा मोठे नसतात, आणि |झ| हा |क्ष| + |य| पेक्षा मोठा नसतो. या दोन असमानतांच्या पलीकडे सिद्धतेत काही नाही.

मुलं गडबड करतात ती मोड्युलस आणि आर्ग्युमेंटशी, म्हणजे अंतराशी आणि कोनाशी. |झ(न)| कन्व्हर्ज झाला म्हणून झ(न) होतोच असं नाही. आय^न पाहा: मोड्युलस कायम १, पण बिंदू आय, −१, −आय, १ असा चार जागी फिरत राहतो. अपवाद फक्त शून्याचा. |झ(न)| शून्याकडे गेला तर झ(न) शून्याकडे गेलाच.

आर्ग्युमेंटचा सापळा जास्त नाजूक आहे. झ(न) = −१ + आय·(−१)^न/न घ्या. हा सिक्वेन्स −१ कडे जातो, यात शंका नाही. पण बिंदू एकदा ऋण अक्षाच्या वर, एकदा खाली. म्हणून प्रिन्सिपल आर्ग्युमेंट (उणे पाय ते पाय यांमध्ये मोजलेला कोन) एकदा पायच्या जवळ, एकदा उणे पायच्या जवळ, आणि तो कुठेच स्थिरावत नाही. 'झ(न) कन्व्हर्ज होत असेल तर त्याचं आर्ग्युमेंटही होतं' असा पर्याय आला की हे उदाहरण लगेच आठवलं पाहिजे.

आणखी एक गैरसमज: कन्व्हर्ज होणं म्हणजे लिमिटला जाऊन पोहोचणं. आपल्या नाशिकजवळच देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ मध्ये मांडलेली क्रिया घ्या. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमानं आणि चढत्या क्रमानं लिहून वजाबाकी करायची. ३५२४ पासून निघालं तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे कायम ६१७४. चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतोच. हा सिक्वेन्स लिमिटला जाऊन बसतो. आपल्या आलेखावरची वाट मात्र १ + आय ला कधीच शिवत नाही, कारण न पदांनंतर उरलेलं अंतर √२/(√२)^न आहे आणि ते कधीही शून्य होत नाही. दोन्ही सिक्वेन्स कन्व्हर्ज होतातच. कापरेकरांचा विषय वेगळा, पण शिक्षकाच्या नोकरीत राहून, वहीपेन्सिलीवर संख्या पारखत बसण्याची त्यांची पद्धत या प्रकरणालाही तितकीच लागू पडते.

पायरी तिसरी: झ^न चं पूर्ण उत्तर

इथे चार शक्यता आहेत. |झ| १ पेक्षा लहान असेल तर झ^न शून्याकडे जातो. |झ| १ पेक्षा मोठा असेल तर मोड्युलस अमर्याद वाढतो. झ = १ असेल तर सगळी पदं १. राहिला परिघावरचा बाकीचा भाग: |झ| = १ पण झ हा १ नाही. तिथे झ^न कन्व्हर्ज होत नाही, आणि सिद्धता दोन ओळींची आहे. समजा लिमिट ल आहे. मग |ल| = १, म्हणजे ल शून्य नाही. झ^(न+१) चं लिमिटही ल, पण तेच झ·ल सुद्धा आहे. म्हणून झ·ल = ल, म्हणजे झ = १, आणि ते तर आपण वगळलं होतं.

ही छोटी सिद्धता वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवा. 'एक पद पुढे सरकवून लिमिट घ्यायचं' ही युक्ती पुढे अनेकदा लागते.

सिरीजकडे जाताना एवढं पुरे: सिरीज कन्व्हर्ज होत असेल तर तिची पदं शून्याकडे जातातच. उलटं खरं नाही, १ + १/२ + १/३ + … हे नेहमीचं उदाहरण. आणि मोड्युलसची सिरीज कन्व्हर्ज झाली तर मूळ सिरीज होतेच, तिला अ‍ॅब्सोल्यूटली कन्व्हर्ज म्हणायचं.

पायरी चौथी: वर्तुळच का?

हा लेख लिहायचं खरं कारण ही पायरी आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू.

पॉवर सिरीज अ(०) + अ(१)झ + अ(२)झ^२ + … एखाद्या शून्येतर बिंदूवर, म्हणजे झ = ब ला, कन्व्हर्ज होते असं समजा. आपल्याला एवढंच माहीत आहे. मग शून्याच्या जवळच्या, म्हणजे |झ| < |ब| असलेल्या, कुठल्याही झ साठी काय म्हणता येईल?

ब ला सिरीज कन्व्हर्ज होते, म्हणून तिथली पदं शून्याकडे जातात. शून्याकडे जाणारा सिक्वेन्स बाउंडेड असतो. म्हणजे एक आकडा म असा आहे की प्रत्येक न साठी |अ(न)·ब^न| हे म पेक्षा मोठं नाही. आता झ चं पद असं लिहा:

|अ(न)·झ^न| = |अ(न)·ब^न| · |झ/ब|^न ≤ म·क^न, जिथे क = |झ|/|ब|.

क हा १ पेक्षा लहान आहे. उजवीकडे जिओमेट्रिक सिरीज उभी आहे आणि ती कन्व्हर्ज होते. म्हणून आपली सिरीज झ ला अ‍ॅब्सोल्यूटली कन्व्हर्ज होते. संपलं.

पाहा, एका बिंदूवरची माहिती पूर्ण वर्तुळभर पसरली. ब कोणत्या दिशेला आहे याचा संबंधच आला नाही, फक्त |ब| आला. म्हणून आकार वर्तुळच निघतो, दुसरा निघूच शकत नाही. आणि याचीच उलट बाजू: एखाद्या बिंदूवर सिरीज डायव्हर्ज झाली, म्हणजे कन्व्हर्ज झाली नाही, तर केंद्रापासून त्याच्याहून लांबच्या प्रत्येक बिंदूवर डायव्हर्जच होणार. नाहीतर लांबचा बिंदू जवळच्याला सोबत घेऊन आला असता. या दोन वाक्यांतून कन्व्हर्जन्सची त्रिज्या र जन्माला येते: आत अ‍ॅब्सोल्यूट कन्व्हर्जन्स, बाहेर डायव्हर्जन्स, परिघाबद्दल अजून काहीच नाही.

यावर थेट प्रश्न येतात. 'सिरीजचं केंद्र शून्य आहे, ती ३ − ४ आय ला कन्व्हर्ज होते, −५.१ ला होत नाही. ४.९ आय ला काय होईल?' |३ − ४ आय| = ५. म्हणून र निदान ५, आणि जास्तीत जास्त ५.१. ४.९ आय ला अ‍ॅब्सोल्यूटली कन्व्हर्ज. सहगुणक माहीतच नाहीत, टेस्ट लावणार कशाला? ५ आय बद्दल विचारलं तर मात्र उत्तर 'सांगता येत नाही', कारण र बरोबर ५ असू शकतो आणि मग तो बिंदू परिघावर पडतो.

पायरी पाचवी: त्रिज्या काढणं

आता टेस्ट. सगळे सहगुणक शून्येतर असतील आणि फॅक्टोरियल असतील तर |अ(न)/अ(न+१)| चं लिमिट काढा, तेच र. हे गुणोत्तर सिरीजच्या रेशो टेस्टच्या उलट आहे हे लक्षात ठेवा. घाईत १/र लिहून येणारे खूप असतात. अ(न) = १/न! असेल तर र अनंत. न! असेल तर र शून्य, ती सिरीज केंद्राशिवाय कुठेच चालत नाही. अ(न) = न!/न^न असेल तर गुणोत्तर (१ + १/न)^न येतं, म्हणून र = ई, साधारण २.७१८.

न वा घात सरळ दिसत असेल तर रूट टेस्ट. अ(न) = (३ + ४ आय)^न असेल तर |अ(न)| चं न वं मूळ ५, म्हणून र = १/५.

लिमिटच नसेल तेव्हा कॉशी-हॅडामार्डचं सूत्र: १/र म्हणजे |अ(न)| च्या न व्या मुळाचं लिमसुप. कॉशीनं ते १८२१ मध्ये दिलं होतं, हॅडामार्डनं १८८८ मध्ये स्वतंत्रपणे पुन्हा मांडलं. लिमसुप हा शब्द ऐकून घाबरू नका. अ(न) = (२ + (−१)^न)^न घ्या. न सम असेल तर ३^न, विषम असेल तर १. न वं मूळ ३, १, ३, १ असं उड्या मारतं, लिमिट नाही. पण जे मूल्य वारंवार येतं त्यातलं सर्वांत मोठं ३, तेच लिमसुप. र = १/३. रेशो टेस्ट इथे काहीच सांगत नाही.

लिमसुप का, लिमिट का नाही? कारण जिओमेट्रिक सिरीजशी तुलना करताना सगळ्यात आडदांड पदांनाच आवरायचं असतं, लहान पदं आपोआप आवरली जातात.

गाळलेले घात हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. १ + २झ^२ + ४झ^४ + ८झ^६ + … यात सहगुणक १, २, ४, ८ पाहून र = १/२ लिहू नका. नवीन चल घ्या, व = २झ^२. सिरीज १ + व + व^२ + … झाली, म्हणजे |२झ^२| < १, म्हणून र = १/√२. जिओमेट्रिक सिरीज पुन्हा हाताशी आली. तसंच (२झ − १)^न दिसलं की आधी २^न·(झ − १/२)^न असं लिहा: केंद्र १/२, त्रिज्या १/२. आणि (झ − १ + आय)^न चं केंद्र १ − आय आहे, −१ + आय नाही. कंसात काय वजा केलंय ते शांतपणे वाचा.

पायरी सहावी: सहगुणकांना हात न लावता त्रिज्या

फंक्शन दिलेलं असेल आणि टेलर सिरीजची (त्याच्या डेरिव्हेटिव्हवरून बनणाऱ्या पॉवर सिरीजची) त्रिज्या विचारली असेल, तर सहगुणक काढत बसणं म्हणजे वेळ घालवणं. फंक्शन ज्या वर्तुळात सगळीकडे डेरिव्हेटिव्ह असलेलं, म्हणजे अ‍ॅनालिटिक आहे, त्या पूर्ण वर्तुळात टेलर सिरीज कन्व्हर्ज होते. म्हणून केंद्रापासून सगळ्यात जवळची सिंग्युलॅरिटी, म्हणजे जिथे फंक्शन तसं राहत नाही तो बिंदू, शोधा. तिथपर्यंतचं अंतर हीच त्रिज्या.

१/(१ + झ^२) हे उदाहरण या विषयाचं मर्म आहे. वास्तव अक्षावर १/(१ + क्ष^२) चा आलेख किती गुळगुळीत असतो! कुठे तुटत नाही, कुठे उंच जात नाही. तरी १ − क्ष^२ + क्ष^४ − … ही सिरीज |क्ष| = १ ला बंद पडते. फक्त वास्तव अक्ष पाहणाऱ्याला याचं कारण कधीच दिसणार नाही. कारण अक्षाच्या वर आणि खाली, आय आणि −आय ला आहे. केंद्र १ घेतलं तर अंतर √२, केंद्र ३ घेतलं तर √१०.

फिबोनाची संख्या सहगुणक घेऊन सिरीज लिहा: झ + झ^२ + २झ^३ + ३झ^४ + ५झ^५ + … तिची बेरीज झ/(१ − झ − झ^२). छेदाची मुळं (−१ ± √५)/२. जवळचं मूळ ०.६१८…, तीच त्रिज्या. सहगुणकांचं सूत्र आठवावंही लागलं नाही.

दोन इशारे. पहिला, छेद शून्य झाला म्हणजे सिंग्युलॅरिटी आलीच असं नाही. झ/(ई^झ − १) मध्ये झ = ० ला छेद शून्य आहे, पण अंशही शून्य आहे; ती रिमूव्हेबल आहे, तिथे योग्य किंमत ठेवली की अडचण उरत नाही. पुढचे बिंदू २·पाय·आय आणि −२·पाय·आय, म्हणून र = २ पाय, साधारण ६.२८३. दुसरा, ब्रँच कट, म्हणजे लॉगसारख्या अनेक किमतींच्या फंक्शनची एकच किंमत निवडायला ओढलेली रेघ, ही भिंत नव्हे. प्रिन्सिपल लॉगची टेलर सिरीज −४ + ३ आय भोवती काढा. ऋण अक्षावरचा कट फक्त ३ अंतरावर आहे, पण त्रिज्या ५ येते, कारण खरी अडचण शून्याला आहे आणि शून्य ५ अंतरावर आहे. कट आपण सोयीसाठी ओढलेली रेघ आहे, सिरीजला ती माहीतच नसते. कटच्या पलीकडे सिरीज कन्व्हर्ज होतच राहते, फक्त तिथे तिची किंमत प्रिन्सिपल लॉगशी जुळत नाही.

पायरी सातवी: परिघावर चालताना

परिघासाठी एकच एक नियम नाही, आणि ही या विषयातली सर्वांत सुंदर जागा आहे. तीन सिरीज शेजारी ठेवा, तिघींची त्रिज्या १: सहगुणक १, सहगुणक १/न, सहगुणक १/न^२.

पहिलीची पदं परिघावर शून्याकडे जातच नाहीत, म्हणून ती परिघावर सगळीकडे डायव्हर्ज. तिसरीची पदं मोड्युलसनं १/न^२, म्हणून ती सगळीकडे अ‍ॅब्सोल्यूटली कन्व्हर्ज. मधली झ = १ ला डायव्हर्ज, आणि बाकी प्रत्येक बिंदूवर कन्व्हर्ज. हे का, तर पुन्हा जिओमेट्रिक सिरीज: १ + झ + … + झ^(न−१) ही बेरीज (१ − झ^न)/(१ − झ) आहे आणि परिघावर तिचं मोड्युलस २/|१ − झ| च्या वर जात नाही. बेरजा बाउंडेड, आणि १/न उतरत शून्याकडे जातो, म्हणून डिरिक्लेच्या टेस्टनं काम झालं.

झ = आय ठेवून हाच मधला प्रकार उलगडून पाहा. वास्तव भाग −१/२ + १/४ − १/६ + … , म्हणजे −(लॉग २)/२. काल्पनिक भाग १ − १/३ + १/५ − १/७ + … , म्हणजे पाय/४. लाइब्निझच्या कितीतरी आधी केरळच्या माधव परंपरेत माहीत असलेली सिरीज. दोन्ही मिळून −लॉग(१ − आय) ची किंमत येते, आणि परिघावर ती तशीच धरता येते याची हमी आबेलचं प्रमेय देतं. मात्र हे प्रमेय उलटं वापरायचं नाही. १ − क्ष + क्ष^२ − … ची बेरीज १/(१ + क्ष), ती क्ष १ कडे जाताना १/२ कडे जाते, पण १ − १ + १ − १ + … कन्व्हर्ज होत नाही.

तिसऱ्या सिरीजचं डेरिव्हेटिव्ह घेतलं (आणि झ नं गुणलं) की मधली मिळते, मधलीचं घेतलं की पहिली. त्रिज्या तिन्हींची १ च राहिली, परिघावरचं वागणं प्रत्येक वेळी एक पाऊल खाली घसरलं. 'पद-पद डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर त्रिज्या बदलत नाही' हे खरं. 'कन्व्हर्जन्सचा सेट बदलत नाही' हे चूक. पेपरात हा फरक एका शब्दानं केलेला असतो.

पायरी आठवी: युनिफॉर्म कुठे?

|झ| ≤ स, जिथे स हा र पेक्षा लहान, अशा बंद वर्तुळावर पॉवर सिरीज युनिफॉर्मली कन्व्हर्ज होते, म्हणजे ठरवलेल्या अचूकतेसाठी सगळ्या बिंदूंना पदांची एकच संख्या पुरते. पूर्ण खुल्या वर्तुळावर होईलच असं नाही. हे वाक्य पाठ करण्यापेक्षा आकडे पाहा. जिओमेट्रिक सिरीजची न पदं घेतल्यावर चूक |झ|^न/|१ − झ|. ती ०.००१ पेक्षा कमी हवी असेल तर झ = ०.५ ला ११ पदं लागतात. झ = ०.९ ला ८८. झ = ०.९९ ला ११४६. १ च्या जितकं जवळ जाल तितकी पदं वाढत जातात आणि सगळ्या वर्तुळाला पुरेल असा एक न सापडत नाही. पण ०.९ त्रिज्येच्या वर्तुळातच राहायचं ठरवलं तर ८८ पदं सगळ्यांना पुरतात. पद-पद इंटिग्रेशन आणि डेरिव्हेटिव्ह याच्याच आधारावर चालतं: आतला कुठलाही बिंदू घ्या, त्याला पोटात घेणारं थोडं लहान बंद वर्तुळ नेहमी सापडतं.

सरावासाठी

अ(न) = (न!)^२/(२न)! ची त्रिज्या काढा. ४ यायला हवी. १/(झ^२ − २झ + २) ची त्रिज्या केंद्र ०, केंद्र १ आणि केंद्र ४ भोवती काढा. मुळं १ ± आय, म्हणून उत्तरं √२, १ आणि √१०. (३झ − आय)^न/न चं केंद्र आय/३, त्रिज्या १/३, आणि परिघावरचा एकच बिंदू सोडावा लागतो: (१ + आय)/३.

शेवटचं उदाहरण सावकाश करायचं आहे. घात ३, ९, २७, ८१, … आणि सहगुणक १, १/२, १/३, १/४, …, म्हणजे न व्या पदात झ चा घात ३^न आणि सहगुणक १/न. त्रिज्या १. झ = १ ला हार्मोनिक सिरीज, डायव्हर्ज. झ = −१ ला प्रत्येक घात विषम, म्हणून तीच सिरीज उणे चिन्हानं, पुन्हा डायव्हर्ज. झ = आय ला ३^न ला ४ नं भागून बाकी आळीपाळीनं ३ आणि १ उरते, त्यामुळे पदं −आय, आय/२, −आय/३, आय/४ अशी येतात आणि सिरीज कन्व्हर्ज होते. आता ज्या झ साठी कुठल्यातरी क ला झ^(३^क) = १ आहे असे सगळे बिंदू घ्या: तिथे काही पदांनंतर १/न च उरतो, म्हणून डायव्हर्ज. त्याच बिंदूंना आय नं गुणा: काही पदांनंतर आय चीच सिरीज उरते, म्हणून कन्व्हर्ज. हे दोन्ही प्रकारचे बिंदू परिघावर दाट पसरलेले आहेत. परिघाचा कितीही लहान तुकडा घ्या, त्यात दोन्ही सापडतात.